आलं का?

2022 च्या मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा ओटीवरच्या टीव्हीवर आईने भरतकामाचा रुमाल टाकलेला होता. वरून रुमाल, त्यावर अडकित्ता आणि पानाचा डबा. चालू टीव्हीवर कुणी असा संसार मांडत नाही. रुमाल उचलून बटण दाबलं. खरखर आणि नुसत्या मुंग्या.

"कधीपासून?"

"झाले की महिने," आई चुलीकडे बघत म्हणाली.

मी मुंबईहून दर रविवारी फोन करत होतो. "बातम्या बघितल्यास का?" असं विचारलं की "बघितल्या हो," म्हणायची. खोटं बोलायचं कारण तिने नंतर सांगितलं. "तुला कळलं असतं तर म्हणाला असतास, भंगारात घाल."

म्हणालोच असतो. आधी दोनदा म्हणून झालं होतं.

हा चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बाबांनी 1988 मध्ये, महाभारत सुरू व्हायच्या जरा आधी, आंब्याचे पैसे आले तेव्हा घेतला. पावसच्या अलीकडच्या आमच्या वाडीतला तो दुसरा. अँटेना पाण्याच्या जुन्या पाइपावर बांधून पडवीच्या कोपऱ्याला उभी केली, तोंड उत्तरेला, रत्नागिरीकडे. वारा सुटला की बाबा गडग्यावर चढून पाइप फिरवायचे. बाहेरून हाक यायची, "आलं का?" मी खिडकीत, आई टीव्हीपुढे. "आलं, आलं... गेलं! मागे, मागे!" शेवटी आई ओरडायची, "आलं. आता उतरा खाली!" चित्र कितीही हललेलं असलं तरी. बाबा पडतील अशी तिला धास्ती असायची, म्हणून बऱ्याचदा आलेलं नसतानाही ती आलं म्हणायची.

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

आईला वाटत होतं, दोष अँटेनाचा. 2021 च्या तौक्ते वादळात ती वाकली होती, वाडीतल्या पोरांनी सरळ केली. त्यानंतर काही महिने चित्र आलं आणि मग गेलं. बिचारीने तीनचार जणांकडून पाइप फिरवून घेतला. अँटेनाचा काही दोष नव्हता. प्रसारभारतीने मोजकी पन्नासेक ठिकाणं सोडून देशभरातले जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक त्या मार्चपर्यंत बंद करायचे ठरवले होते. हवेत काही नसेल तर अँटेना काय पकडणार? पण ही गोष्ट वाडीत येऊन सांगायची कुणी?

राम आळीत जाऊन फ्री डिशचा डबा आणि छत्री आणली. 2004 च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली तीच ही दूरदर्शनची सेवा. एकदा सामान घेतलं की महिन्याचं भाडं नाही. जोडायला वाडीतलाच एक पोरगा आला. टीव्हीची मागची बाजू बघून म्हणाला, "काकी, ह्याला पिनाच नाहीत!" डब्यातून पिवळी-पांढरी-लाल वायर निघते आणि आमच्या टीव्हीला चपट्या वायरीचे दोन स्क्रू. मग परत रत्नागिरी, मॉड्युलेटर नावाची काड्यापेटीएवढी डबी शोधायला. ती डब्याचं चित्र घेते आणि जुन्या टीव्हीला समजेल अशा तीन किंवा चार नंबरच्या चॅनलवर सोडते. चौथ्या दुकानात, धूळ खात पडलेली मिळाली. टीव्हीचं चॅनलचं बटण मात्र इतकी वर्षं एकाच आकड्यावर बसून जाम झालेलं. खोबरेल सोडून, फडकं गुंडाळून, पकडीने तीनवर आणलं. आई बाजूला उभी राहून "हळू रे, हळू," म्हणत होती.

खरं भांडण फणसावरून झालं. उपग्रह आग्नेयेला, आणि त्याच अंगाला आमचा बरका फणस. छत्री दिसायला उभीच दिसते, पण बघते बरीच वर, त्यामुळे शेंडाही आड येतो. मी कोयता मागितला.

"फांदीला हात लावायचा नाही."

"मग टीव्ही दिसणार नाही."

"नको दिसू दे."

तासभर दोघंही बोललो नाही. मग त्या पोरानेच तोडगा काढला. गोठा रिकामाच, त्याच्यापुढे नुसती भातखाचरं. पाइप पडवीपासून सोडवून गोठ्याच्या कोपऱ्याला रोवला, अँटेना काढून भिंतीला टेकवली, पाइपाच्या टोकाला छत्री आवळली आणि पंचवीस मीटर वायर फिरवून ओटीवर आणली. पोरगा डब्यापाशी बसून सिग्नलची पट्टी बघत होता. मी गोठ्याच्या गडग्यावर चढून छत्री बोटबोटभर हलवत होतो. दीडएक हात छत्रीला छत्तीस हजार किलोमीटरवरचं काहीतरी सापडायचं, म्हणजे बोटभर म्हणजेसुद्धा फार.

"आलं का?" मी ओरडलो.

पोरगा काही बोलायच्या आत आतून आईचा आवाज आला, "आलं. आता उतर खाली!"

मी उतरून आत गेलो. पट्टी अजून लालच होती. आई माझ्याकडे न बघता पदराने काच पुसत होती. परत चढलो. खरंखुरं चित्र यायला आणखी अर्धा तास गेला.

डब्यात ढीगभर चॅनल आहेत. आई सह्याद्रीच्या पुढे जात नाही. रिमोट दिव्याच्या फळीवर ठेवते.

आषाढात तिचा फोन आला. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "आज काही दिसत नाही हो. पाऊस दणदणीत पडतोय. थांबला की येतं."