आंब्याची उंची उतरवताना

आमच्या इंदूरच्या घरामागचा लंगडा बाबांनी १९७९ साली कलम आणून लावला. तेव्हा मागच्या अंगणात फक्त तुळस आणि कपडे वाळवायची तार होती. चाळीस वर्षांत आंबा दुमजली घराच्या वर गेला आणि घरात त्याच्यावरून दोन पक्ष पडले.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. तो पुण्याला असतो, वर्षातून दोनदा येतो. "दादा, पाडून टाक. वादळात फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर? शिवाय जागा मोकळी झाली की दोन गाड्या लागतील." त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी मेमधल्या वावटळीत एक जाड फांदी मोडून शेजाऱ्यांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली होती. टाकी आम्ही भरून दिली. पण त्यांना गच्चीवर सोलर पॅनल बसवायचे होते आणि दुपारनंतर आमच्या आंब्याची सावली नेमकी तिथेच. दुसऱ्या पक्षात आई एकटी. ती काही बोलायची नाही, नुसती उठून मागच्या दारात जाऊन बसायची.

पाडायचं म्हटलं तरी ते आपल्या मर्जीवर नसतं, हे नव्या पिढीला ठाऊक असावं. मध्य प्रदेशात शहरातल्या झाडांसाठी २००१चा कायदा आहे. अंगण आपलं असलं तरी झाड तोडायला परवानगी लागते. त्या चौकशीच्या निमित्ताने मी उद्यानविद्येतल्या एका निवृत्त गृहस्थांना घरी बोलावलं. त्यांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "पाडायचं कशाला? उतरवा की."

उतरवणं म्हणजे वरून सपाट कापणं नव्हे. आपल्याकडे बहुतेक जण तेच करतात. माणूस वर चढतो, एका रेषेत सगळे शेंडे उडवतो आणि झाड डोकं उडवल्यासारखं दिसायला लागतं. झाडाची पानं म्हणजे त्याचा स्वयंपाक. तो एकदम बंद पडला की झाड घाबऱ्या घाबऱ्या प्रत्येक थोटकापाशी झाडूसारखे पाणसोट काढतं. ते भराभर वाढतात, दोन-तीन वर्षांत उंची पुन्हा तेवढीच होते. पण ते वरवर चिकटलेले असतात, त्यामुळे वाऱ्यात जुन्या फांदीपेक्षा लवकर निखळतात. थोटूक कुजतं ते वेगळंच. म्हणजे ज्या भीतीने कापलं, तीच वाढवून ठेवायची!

खरी पद्धत अशी. उंच गेलेली फांदी खाली शोधत यायची, तिच्यातून बाजूला गेलेली एक तब्येतीची उपफांदी निवडायची आणि तिच्या जरा वर कापायचं. ही उपफांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. तरच ती पुढचा कारभार सांभाळते आणि पाणसोटांचं रान माजत नाही. एका वर्षात एक चतुर्थांशापेक्षा जास्त पालवी काढायची नाही. म्हणून आमच्या आंब्याला तीन पावसाळे लागले. भावाला फोनवर "तीन वर्षं" सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

वेळेचं गणित आंब्यात फार महत्त्वाचं. आंब्याला मोहर येतो तो पक्व झालेल्या डहाळ्यांच्या टोकाला. आंबे उतरले की लगेच, म्हणजे लंगड्याच्या बाबतीत जुलैच्या सुरुवातीला कापलं, तर नवी पालवी थंडीपर्यंत पिकते आणि मोहराची आशा राहते. दिवाळीच्या साफसफाईत कापलं की त्या हंगामाचे आंबे गेलेच समजा. पेरू आणि सीताफळ नव्या फुटीवर फळतात, त्यांचं वेळापत्रक निराळं. शेवगा तर दरवर्षी शेंगा संपल्यावर तीन-चार फुटांवर आणला तरी तक्रार करत नाही. नारळाला मात्र हात लावायचा नाही. त्याला वाढीचा एकच शेंडा, तो गेला की झाड गेलं.

पहिल्या जुलैत मधला सरळसोट सोट काढला. त्याच्यामुळेच झाडाच्या पोटात ऊन पोचत नव्हतं आणि आतल्या फांद्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या. जाड फांदी एका घावात कापली तर अर्ध्यात मोडते आणि खोडाची साल सोलत खाली आणते. म्हणून आधी थोड्या अंतरावर खालून करवतीची खाच, मग तिच्या जरा पुढे वरून काप, आणि ओझं उतरल्यावर शेवटचा नीट काप. बाजूची फांदी मुळापासून काढायची असेल तर खोडाशी जे फुगीर कडं असतं ते शाबूत ठेवून त्याच्या बाहेर. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. ते तिच्यावर कड्यापासून नवं लाकूड चढवून तिला आत कोंडून टाकतं. कडंच छाटलं तर कोंडणार कशाने?

चढणारा माणूस अनुभवी होता, दोर बांधून तुकडे उतरवत होता. आम्ही खाली. आंब्याचा चीक अंगावर भाजल्यासारखा उठतो, म्हणून सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे सदरे. उत्तरेच्या एका फांदीवर कावळ्याचं घरटं निघालं. ती फांदी त्या वर्षी तशीच राहिली. आईने निकाल दिला, त्यावर अपील नव्हतं.

पावसाळ्यात उघड्या जखमेत बुरशी शिरते, म्हणून बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं. लोखंडी बादली चालत नाही. जिथे पहिल्यांदाच ऊन लागणार होतं त्या फांद्यांना चुन्याचा पातळ हात दिला. महिन्याभराने कापांपाशी फुटवे आले. त्यातले बाहेरच्या दिशेचे दोन-तीन ठेवून बाकीचे कोवळे असतानाच हाताने खुडले. हे कंटाळवाणं काम माझ्या पुतणीने सुट्टीत केलं. खोडातून भुसा पडतोय का हेही तीच बघायची, कारण छाटलेल्या जुन्या आंब्याला खोडकिडा लवकर लागतो.

दुसऱ्या वर्षी आंबे जेमतेम दोन टोपल्या. शेजाऱ्यांचे पॅनल बसले. तिसऱ्या जुलैत त्यांच्या बाजूच्या दोन फांद्या आत घेतल्या आणि झाड अडतीस फुटांवरून वीसवर आलं. गेल्या उन्हाळ्यात पोटातल्या फांद्यांनाही मोहर होता. आईने ओट्यावर उभं राहून, आकडी न घेता, सतरा आंबे स्वतःच्या हाताने काढले. देठासकट काढले, मोजले आणि पहिले पाच शेजारी पाठवले.

भावाची गाडी अजून रस्त्यावरच लागते. पण त्याने परवा पुण्याच्या प्लॉटसाठी केसरचं कलम घेतलं आणि मला फोन केला. मी सांगितलं, रुजून जोम धरला की गुडघ्याच्या जरा वर शेंडा खुड, चार दिशांना तीन-चार फांद्या धर, बाकीच्या काढ. तो म्हणाला, "एवढंसं तर आहे, आत्ताच कापू?" मी म्हटलं, आत्ताच. त्याला करवत लागत नाही, नख पुरतं.