थांबेल ती गाडी

जालन्याच्या अंबड चौफुलीवरून दक्षिणेला, अंबड आणि वडीगोद्री करत गोदाकाठच्या शहागडपर्यंत मी थांबेल त्या गाडीने गेलो. अशा प्रवासाला आपण साहस म्हणतो आणि वाटेत भेटणाऱ्यांना देवमाणसं. मला ही दोन्ही वर्णने अपुरी वाटतात. या जिल्ह्यात लिफ्ट हा वाहतुकीचाच एक भाग आहे. त्याचे वेळापत्रक कुठे लागलेले नसते, एवढेच. मोसंबी बाजारात उतरवून रिकामा परतणारा पिकअप थांबतो, क्वचित जालन्याच्या सळया पोचवून आलेला ट्रकही. पण सर्वांत जास्त थांबतो तो एकटा मोटारसायकलवाला. त्याची गाडी गॅरेजला लागली की उद्या त्याच फाट्यावर तो स्वतः हात दाखवत उभा असतो. ही जाणीव दयेपेक्षा टिकाऊ असते. गाडीवर बसताच कोणत्या गावचे, तिथे कोणाकडे, असे प्रश्न सुरू होतात. शहरी माणसाला तो भोचकपणा वाटतो. प्रत्यक्षात तो दोघांचाही विमा आहे. गावातली एखादी सोयरीक निघाली, की अनोळखी माणूस अनोळखी राहत नाही.

२०२१च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या महिन्यांत खेड्यांतली ये-जा काळी-पिवळी जीप आणि शेजाऱ्याच्या मोटारसायकलीवर चालली. क्युबाने तर नव्वदीच्या इंधनटंचाईत हीच रीत सरकारी केली: पिवळ्या गणवेशातले कर्मचारी रस्त्यावर उभे राहून सरकारी गाड्या थांबवत आणि रिकाम्या जागा भरून देत. तिथे कायद्याने जे करवून घ्यावे लागले, ते आपल्या फाट्यांवर न सांगता होते.

यावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारा माणूस अपघातात उघड्यावर पडतो. तिथे बसू नये, हेच खरे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही सोय मुख्यतः पुरुषांची आहे. दिवेलागणीला फाट्यावर एकटी उभी असलेली बाई अनोळखी गाडीला हात दाखवताना शंभरदा विचार करते, आणि तिने तो करावाच. मानव विकास कार्यक्रमाच्या बस मुलींना शाळेत नेतात, २०२३पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. याची जागा कोणाचीही भलमनसाई घेऊ शकत नाही. पण एसटी हवी म्हणून लिफ्ट नको, हे मात्र मला पटत नाही. शेवटची बस गेल्यावर उरणारे अंतर कोणीतरी भरून काढावेच लागते.

खरा धोका मला रस्त्याच्या बदलत्या रचनेत दिसतो. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. त्यावर मोटारसायकलीला प्रवेश नाही आणि मध्ये थांबायला बंदी आहे. वेगासाठी ते योग्यच आहे. मात्र असा रस्ता कडेच्या गावांना ओलांडून जातो, त्यांना गाडीत घेत नाही. ओळख व्हायला गाडीचा वेग कमी व्हावा लागतो, फाटा असावा लागतो, फाट्यावर चहाची टपरी असावी लागते. चतुर्थीला राजूरच्या गणपतीकडे पायी निघालेल्यांना वाटेतले लोक चहा-फराळ देतात, तेही त्या रस्त्याला कडा आहे म्हणूनच.

म्हणून जिल्हा परिषदेने आणि बांधकाम खात्याने जुन्या राज्य रस्त्यांवरच्या प्रत्येक मोठ्या फाट्यावर एक शेड, एक दिवा आणि गाडी बाजूला घ्यायला पुरेशी पक्की जागा द्यावी. खर्च फार नाही. आणि संध्याकाळी मागची सीट रिकामी ठेवून घरी निघालेल्या वाचकाने, शेवटची बस गेली असेल तर, फाट्यावर गाडी जरा हळू करावी.