एरियलची बैठक

आमच्या अंगणात आंब्याखाली बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९८६ साली तयार झाली. वयाची पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाबांना आता ती चालवता येत नाही. पण रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर बसून ते रेडिओवरील बातम्या ऐकतात. त्यांचा तेवढाच काय तो प्रवास!

गेल्या पावसाळ्यात मी धर्मग्रामातून वार्षिक सुट्टीवर घरी आलो, तेव्हा रेडिओ खरखरत होता आणि बाबांच्या पायांशी पाणी ठिबकत होते. मडगार्डवर एरियल जिथे बसते, त्या बैठकीची टोपी तडकली होती, खालचे रबर भेगाळले होते आणि पत्र्याला गंज चढला होता. मी हौसेने मडगार्ड घासून, आतून-बाहेरून रंगवून घेतले व सुट्या भागाच्या शोधात मुंबईला निघालो.

या गाडीचे उत्पादन शतकाच्या आरंभीच थांबलेले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. दुकानदार गाडीचे नाव ऐकूनच हसत. एकाने दिलेली बैठक सपाट निघाली. मडगार्ड मात्र उतरते. राहिलेल्या फटीतून पुन्हा पाणी! अखेर चोर बाजारातील एका ढिगात तिरप्या बुडाची जुनी बैठक सापडली. रबर मी ट्यूबमधून कापून घेतले.

पाणी थांबले, खरखर तशीच राहिली. सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. गावातल्या वृद्ध मेकॅनिकने बैठक उतरवून पाहिली.

“फादर, आतून रंग कोणी लावला?”

“मीच लावून घेतला.”

ते हसले. एरियलच्या वायरीवरील तारांची जाळी बैठकीमार्फत गाडीच्या पत्र्याशी जोडली जाते. तेच तिचे अर्थिंग. बैठकीचे दाते उघड्या पत्र्यात रुतावे लागतात. माझ्या सुबक रंगाने नेमकी तीच जोडणी तोडली होती. त्यांनी मडगार्डच्या आतला रंग छिद्राभोवती खरवडला, नट आवळला आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीसचे बोट फिरवले. निवेदकाचा आवाज स्वच्छ आला.

मी हत्यारे आवरू लागलो, तोच बाबांनी शेजारचे दार उघडले.

“सुट्टीभर गाडीसाठी धावलास. आता जरा बस.”

बातम्या संपेपर्यंत मी बसलो. त्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसल्याची ती पहिलीच संध्याकाळ होती.