बोट धक्क्याला लागते का?

घरात लग्न निघाले म्हणजे जितकी मते गोळा होतात, त्याच्या दुप्पट मते २०२३ च्या श्रावणात आमच्या दादरच्या बिऱ्हाडी गोळा झाली. त्या वर्षी श्रावणही अधिकाचा होता, त्यामुळे वादाला एक महिना जास्तच मिळाला. प्रश्न मात्र लग्नाचा नव्हता. प्रश्न होता आमच्या छकुलीचा, म्हणजे माझ्या नातीचा. तिचा जन्म १ मे २०२३ चा. ती जेमतेम मान धरू लागली होती, आणि आमच्या चिरंजीवांनी दिवाळीचा बेत जाहीर केला : मुंबईहून बोटीने लक्षद्वीप! पाच रात्री समुद्रावर, सहकुटुंब सहपरिवार.

"आणि ही?" सौ.ने पाळण्याकडे बोट दाखवून विचारले.

"ही पण. नियम बघूनच बोलतोय मी. सहा महिने पुरे झालेलं मूल चालतं."

दिवाळीपूर्वीच्या शुक्रवारी, १० नोव्हेंबरला बोट सुटणार होती. त्या दिवशी छकुलीला सहा महिने आणि नऊ दिवस होणार होते. नियमात ती नऊ दिवसांनी बसत होती, आणि त्या नऊ दिवसांच्या जोरावर चिरंजीव बोटीत बसू पाहत होते.

सौ.चे मत ठाम होते. "पाण्यावर तान्हं पोर न्यायचं नाही." कारण विचारले, तर "न्यायचं नाही म्हणजे नाही," हेच कारण. शेजारच्या काकूंचे मत, दृष्ट लागेल. धाकट्या मेहुण्याचे मत, त्या पोरीला समुद्र काय नि बाथटब काय, दोन्ही सारखेच, पैसे पाण्यात! सूनबाई तेवढी काही बोलत नव्हती. एकदाच ती म्हणाली, "बाबा, तीन महिने झाले, मला खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसतेय. एकदा समोर काहीच नाही असं बघायचंय मला."

या वाक्याने मी विरघळलो आणि चिरंजीवांच्या पक्षाला मिळालो. शिवाय माझ्याजवळ एक हुकमाचा पत्ता होता. तो पत्ता म्हणजे मी स्वतः! माझा जन्म मालवणचा, १९५४ सालच्या जुलैतला. आईचे माहेर तिथले. आमचे कै. काका रंगात आले म्हणजे सांगत, "वहिनी काय धीराची बाई! तान्हं पोर पदराखाली घेऊन एकटी बोटीनं मुंबईला आली." कोकणच्या किनाऱ्यावरच्या त्या आगबोटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, शेजारी कोंबड्यांच्या डालग्या, आंब्याच्या पेट्या आणि बोट लागलेली माणसे. तिथे पाळणा नाही, गरम पाणी नाही. "त्या बोटीतून मी दोन महिन्यांचा आलो," मी म्हणालो, "आणि आज सत्तरीला टेकलो. या तरंगत्या राजवाड्यात छकुलीला काय धाड भरली आहे?"

आई कोपऱ्यात वाती वळत होती. वय नव्वद. कान तिखट. पण ती काही बोलली नाही.

शेवटी छकुलीच्या डॉक्टरांना विचारायचे ठरले. आमचे डॉक्टर विनोदी आहेत. ते म्हणाले, "बोट लागायची भीती असेल तर ती तुमची करा. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट सहसा लागत नाही. प्रश्न तो नाही. प्रश्न असा, की रात्री दोन वाजता हिला ताप चढला, तर बालरोगतज्ज्ञ किती तासांवर आहे?"

मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. मोठ्या बोटींवर डॉक्टर आणि छोटासा दवाखाना असतो. पण तो मुख्यतः मोठ्यांच्या तातडीच्या दुखण्यांसाठी. तान्ह्यांचा खास डॉक्टर तिथे असेल असे धरून चालू नये. म्हणूनच बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या आतले मूल घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना तर बारा महिन्यांची अट घालतात. बंदिस्त जागेत हजारो माणसे एका ठिकाणी जेवतात, त्यामुळे वांतीजुलाबाची साथ बोटीवर झटकन पसरते. मोठा माणूस दोन दिवस आडवा होतो आणि उठतो. तान्ह्याच्या अंगातले पाणी मात्र काही तासांत उतरते.

"मग नेऊच नये का?" सूनबाईने विचारले. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की डॉक्टर क्षणभर थांबले.

"तसं नाही म्हटलं मी. सहा महिने हा कंपनीचा नियम आहे. तो तिकिटासाठी. तुमचा नियम तुम्ही करा. नऊ महिन्यांची गोवराची लस होऊ द्या. तोवर बसू लागेल, वरचं खाऊ लागेल. आणि किनारा सोडून लांब जाऊ नका." त्यांनी एका कागदावर यादी लिहून दिली. ताप मोजण्याची नळी, तापाचे औषध वजनाप्रमाणे, उकळलेले पाणी, उन्हाची टोपी. आणि सर्वांत वर, दोनदा अधोरेखित केलेल्या, जलसंजीवनीच्या पुड्या.

त्या संध्याकाळी सूनबाई ती यादी मोठ्याने वाचत होती.

"ही पुडी कसली गं?" आईने विचारले.

"जुलाब झाले तर, आजी. एक पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची आणि चमच्याचमच्याने पाजत राहायचं."

"जुलाब होत असताना पाणी द्यायचं?"

"हो आजी. तेच तर द्यायचं."

आईच्या हातातली वात अर्धीच राहिली. बऱ्याच वेळाने तिने माझ्याकडे पाहिले. "तू नव्हतास रे त्या बोटीत," ती म्हणाली. "तू एस्टीनं आलास. घाट चढून कोल्हापूर, मग आगगाडी, पुण्याला गाडी बदलून. दोन दिवस लागले. बोटीतून आली ती तुझ्या आधीची."

मला आधी एक बहीण झाली होती आणि ती गेली, एवढे मला ठाऊक होते. आमच्या घरात तिच्याविषयी त्यापलीकडे कधी कुणी बोललेले नव्हते. तिचा फोटोही नाही.

"बावन्न साल. पावसानंतर बोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. तीन महिन्यांची होती. मालवणला पडावात बसले तेव्हा हसत होती. विजयदुर्ग सोडलं आणि सुरू झालं. रत्नागिरीला उतरावं म्हटलं, तर रात्र. समुद्र उसळलेला. बोट आपली लांब उभी, आणि पडाव काही लवकर येईना. तांडेल म्हणाला, बाई, एवढ्याशा जिवाला घेऊन या लाटांत उतरू नका. जयगड आलं, दाभोळ आलं. प्रत्येक बंदराचे दिवे दिसत होते मला. तिथे डॉक्टर असेल, असं वाटायचं. पण मध्ये पाणी." ती थांबली. "डेकवरच्या बायका चांगल्या होत्या. सगळ्यांनी एकच सांगितलं. पाणी देऊ नको, वाढेल. मी दिलं नाही. ती ओठ हलवायची, आणि मी दिलं नाही."

भाऊच्या धक्क्यावर काय झाले ते तिने सांगितले नाही. कुणी विचारलेही नाही.

वाचकहो, माझी आई आयुष्यभर माहेरी एस्टीने गेली. बोटसेवा चालू होती तोवरही ती कधी बोटीत बसली नाही. आम्ही भावंडे चेष्टा करायचो, "आईला बोट लागते." सत्तर वर्षे आम्ही तो विनोद केला! आणि काकांची ती गोष्ट? काका खोटे बोलत नव्हते. ते गोष्टीचा पहिला अर्धा भाग सांगत होते. "आमच्या वेळी नाही का आम्ही नेली मुले?" असे जे आपण छातीठोकपणे म्हणतो, ते उरलेल्यांच्या तोंडचे असते. जी उरली नाहीत, त्यांची साक्ष कुणी काढीत नाही.

त्या डेकवरच्या बायकांना तरी काय दोष द्यावा? जुलाबात पाणी तोडायचे, हाच त्या काळचा सर्वत्र समज होता. साखर-मिठाच्या पाण्याची ताकद जगाला पटायला १९७१ साल उजाडावे लागले. बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे पाणी कालवून लोकांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण एकदम खाली आले. माझ्या बहिणीच्या वेळेपेक्षा एकोणीस वर्षांनी.

त्या रात्री वाद आपोआप मिटला. लक्षद्वीप रद्द झाले, पण त्याचे कारण भीती नव्हती. आईने चिरंजीवांना एकच प्रश्न विचारला होता : "तिथे बोट धक्क्याला लागते का रे, की पडावातून उतरायचं?" चिरंजीवांनी माहिती काढली. बोट तिथे खोल पाण्यात उभी राहते आणि प्रवासी लहान होड्यांतून बेटावर जातात. बेटांवर दवाखाने आहेत, पण गंभीर रोग्याला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे दिवस. २०१७ च्या डिसेंबरच्या आरंभी ओखी वादळ त्याच बेटांवरून गेले होते. नव्वद वर्षांच्या, शाळेची चार बुके शिकलेल्या बाईने डॉक्टरांचाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला होता.

"मग गोवा," चिरंजीव म्हणाले. "तीन रात्री. किनाऱ्याकिनाऱ्याने. मुरगावला बोट धक्क्याला लागते, आणि तिथून इस्पितळ जवळ."

"फेब्रुवारीत," सूनबाई म्हणाली. "लस झाल्यावर."

"फेब्रुवारीत," आई म्हणाली. ठराव एकमताने मंजूर!

२०२४ च्या फेब्रुवारीअखेर आम्ही बॅलार्ड पियरवरून निघालो. आई आली नाही. आग्रह केला, पण तिने नुसती मान हलवली. सूनबाईने बोटीवर पाय ठेवताच आधी दवाखाना कोणत्या मजल्यावर आहे ते पाहून घेतले, आणि मग खोली. धोक्याचा भोंगा कसा वाजतो, सात आखूड आणि एक लांब, आणि तो वाजला की कुठे जमायचे, याची सर्वांची तालीम झाली. छकुलीसाठी तान्ह्यांचे निराळे जाकीट होते. चोवीस तासांहून लांबच्या सफरीत जितकी तान्ही मुले, तितकी जाकिटे बोटीवर ठेवावीच लागतात. ते पाहून सौ. प्रथमच हसली. "बाहुलीचं झबलंच जणू!" पोहण्याच्या तलावात लंगोटातल्या मुलांना मज्जाव होता, तो नियम सर्वांना पटला. गाण्याबजावण्याचा कल्लोळ मात्र असा, की त्या मजल्यावर छकुलीला आम्ही फिरकू दिले नाही.

कुलाब्यापलीकडचा प्राँग्जचा दीप मागे पडला. खांदेरी-उंदेरीच्या आकृती सांजेत विरघळल्या. समुद्र फेब्रुवारीतला, तळ्यासारखा. तरीही डॉक्टरांचे भाकीत खरे ठरले आणि बोट लागली ती मला! छकुली यंत्रांच्या घरघरीत अशी झोपली, की घरी कधी झोपली नव्हती. डोळे मिटून पडलो असताना मला खोलीच्या सज्जातून सूनबाईचे बोलणे ऐकू येत होते. ती कुणाला तरी सांगत होती, "बघ, समोर काहीच नाही." ऐकणारी कुशीत झोपली होती, पण सांगणारीची हौस फिटत होती. सफर मुलीसाठी नसतेच, आईसाठी असते. म्हणून तर तिची किंमत मुलीने चुकती करायला नको.

मध्यरात्रीनंतर मी उठून सज्जात गेलो. पूर्वेला दूरवर मच्छीमारांचे दिवे होते. त्यांच्यामागे कुठेतरी दाभोळ, जयगड, रत्नागिरी. आता आपण कुणाच्या समोरून जात आहोत ते मला समजत नव्हते. खोलीत मेजावर पाण्याचा तांब्या आणि त्याच्याशेजारी न फोडलेल्या पुड्या होत्या. शेवटपर्यंत त्या फोडाव्या लागल्या नाहीत.

सकाळी मुरगावचा धक्का दिसू लागला. दोर फेकले गेले, बोट हळूच टेकली. मी घरी टेलिफोन लावला. छकुलीने रात्री काय खाल्ले, किती झोपली, हे सांगायचे मी मनात जुळवून ठेवले होते. पण आईने बोलूच दिले नाही.

"धक्क्याला लागली?" तिने विचारले.

"लागली, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि टेलिफोन खाली ठेवला.