ब्रह्मदेशातली एक उशी

मराठी माणूस ब्रह्मदेशात उतरला की त्याला मंडालेचे वेध लागतात. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे लोकमान्यांनी तिथे काढली, ‘गीतारहस्य’ तिथेच पेन्सिलीने लिहून झाले, हे आपल्याला शाळेपासून पाठ असते. २०१८ च्या हिवाळ्यात आम्हीही त्याच ओढीने गेलो. पण टिळकांच्या चौऱ्याऐंशी वर्षे आधी याच मुलखात आणखी एक हस्तलिखित तुरुंगात जाऊन पडले होते. तेही धर्मग्रंथाचेच; आणि ते चक्क एका उशीत शिवलेले होते.

उशीचा मालक ॲडोनिराम जडसन हा अमेरिकन पाद्री. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यांतला तो एक. त्याच पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईस आले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. मग जडसन रंगूनला कसा गेला? हाकलला गेला म्हणून! लग्नाला दोन आठवडे होतात न होतात तोच तो आणि त्याची पत्नी ॲन जहाजावर चढली. कलकत्त्यास कंपनी सरकारला मिशनरी नको होते. मॉरिशस, मद्रास असे धक्के खात ती दोघे जुलै १८१३ मध्ये रंगूनला लागली. वाटेत ॲनला मूल झाले ते मृत.

मराठीचा मास्तर म्हणून मला सर्वांत आवडतो तो या माणसाचा भाषेचा अभ्यास. शिक्षकाला इंग्रजी येत नव्हते, याला ब्रह्मी येत नव्हती. वस्तूकडे बोट दाखवायचे आणि नाव ऐकायचे, असा श्रीगणेशा. पोथ्या ताडपत्रावरच्या, आणि शब्दाशब्दांत अंतरच नाही! आपल्याकडे मोडी दफ्तर चाळलेल्यांना ही डोकेदुखी परिचयाची आहे. त्यात ‘देव’ या शब्दाची पंचाईत. ब्रह्मी ‘फया’ म्हणजे बुद्धही आणि पॅगोडाही. मग त्याला ‘स्वामी’ या अर्थाचा ‘थखिन’ जोडून ‘फया-थखिन’ असा शब्द वापरला, तो तिथल्या बायबलात अजून आहे. वीस वर्षे खपून १८३४ साली त्याने सगळे बायबल ब्रह्मीत उतरवले. कॅरीसाहेबाच्या १८०५ च्या मराठी व्याकरणामागे पंडित वैजनाथ होते, तसेच जडसनमागेही कुणी शिक्षक होतेच. अशा पंडितांची चरित्रे कुणी लिहीत नाही, ही आपली जुनी तक्रार इथेही करून ठेवतो.

प्रचाराचे काम मात्र रखडले. सहा वर्षांत एकही माणूस बाटला नाही. १८१९ मध्ये जडसनने पॅगोड्याच्या रस्त्याजवळ एक ‘झयात’ बांधला. झयात म्हणजे आपली धर्मशाळा म्हणा, गावचा पार म्हणा. वाटसरूने टेकावे, पाणी प्यावे, दोन गोष्टी ऐकाव्यात. आजही ब्रह्मदेशात रस्त्याकडेला पाण्याची मडकी भरून ठेवलेली दिसतात. देवळासारखी इमारत उभारून लोक येत नाहीत, पारावर बसले की येतात, हे आपल्या कीर्तनकारांना कधीचे ठाऊक होते. त्याच वर्षी मौंग नौ नावाच्या पहिल्या माणसाचा बाप्तिस्मा झाला.

दरम्यान रॉजर नावाचा मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला.

१८२४ मध्ये इंग्रजांचे ब्रह्मदेशाशी युद्ध जुंपले आणि आवा या राजधानीत जडसनला पकडले. चरित्रकारांनी ब्रह्मी राजाला राक्षस करून टाकले आहे. पण गोऱ्या कातडीच्या माणसाला बंगालमधल्या इंग्रजांमार्फत पैसे येतात, हे दिसल्यावर कोणत्या दरबाराने त्याला हेर मानले नसते? तुरुंगाचे नाव होते ‘हाता, कचरू नकोस’. पायांत बेड्या, आणि रात्री बांबूला पाय अडकवून वर ओढलेले.

ॲन रोज दाराशी. अधिकाऱ्यांच्या मिनतवाऱ्या कर, भेटी चार, डबा पोचव. हस्तलिखित तिने आधी जमिनीत पुरले होते. पावसाळ्यात कुजेल म्हणून मग ते उशीत शिवून नवऱ्याला दिले. उशी इतकी टणक आणि गबाळी, की चोरानेही हात लावू नये. १८२५ च्या मे महिन्यात कैद्यांना औंगबिन्ले या खेड्यात हलवले, तेव्हा वरची चटई कुणीतरी काढून घेतली आणि आतला गोळा फेकून दिला. जडसनचा ब्रह्मी अनुयायी मौंग इंग याने साहेबाची आठवण म्हणून तो उचलून ठेवला. आत काय आहे ते त्याला माहीतही नव्हते. पुढे गोळा उसवला तर पाने जशीच्या तशी!

औंगबिन्ले मंडालेच्या जवळच आहे. मंडाले शहर वसले ते नंतर, १८५७ मध्ये. तिथे मला उशीपेक्षा दुसरीच गोष्ट आठवत राहिली. तान्ही मारिया कुशीत घेऊन ॲन त्या खेड्यात नवऱ्यामागे गेली आणि तापाने अंथरुणाला खिळली. दूध आटले. तेव्हा पहारेकऱ्यांना काही देऊन जडसनला थोडा वेळ बाहेर सोडवण्याची सोय झाली. पायांत बेड्या तशाच ठेवून तो मुलीला घेऊन खेड्यात दारोदार फिरे आणि अंगावर पाजणाऱ्या बायांकडे एका घोटाची भीक मागे. त्या बायांनी पाजले. त्यांना ना त्याचा देव हवा होता, ना त्याचे पुस्तक. मूल रडत होते, एवढे त्यांना पुरले. जडसनने ब्रह्मदेशाला काय दिले याचे हिशेब पुष्कळांनी मांडले आहेत. या खात्यावर मात्र कुणी बोट ठेवत नाही.

सुटका झाली ती दरबाराला तहासाठी दुभाष्या हवा होता म्हणून. १८२६ च्या फेब्रुवारीत यांदाबोचा तह झाला, आणि पुढची बोलणी करायला जडसन आवाला गेला असताना ऑक्टोबरमध्ये ॲन समुद्रकाठच्या ॲमहर्स्ट गावी वारली. सहा महिन्यांनी मारिया. बाप वेडापिसा झाला, रानात झोपडी बांधून राहिला, स्वतःसाठी खड्डा खणून त्याच्या काठावर बसला. (त्याच १८२६ मध्ये आपल्याकडे नाशिक भागात गॉर्डन हॉल पटकीने गेला.)

मग सॅरा ही दुसरी पत्नी, आठ मुले, तीही मायदेशी परतताना १८४५ मध्ये सेंट हेलेना बेटावर गेली. तिसरी एमिली. १८५० च्या एप्रिलमध्ये जडसन समुद्रावर वारला आणि त्याला समुद्रातच सोडले. मोलमीनमध्ये वाट पाहणाऱ्या एमिलीला ती बातमी कळायला महिने लागले. तोवर तिला मृत मूल झाले होते.

ज्या ब्रह्मी बौद्धांसाठी हा सगळा खटाटोप, ते फारसे हलले नाहीत. हलले ते डोंगरातले करेण. कर्जापायी गुलाम झालेल्या को था ब्यू या करेण माणसाला जडसनच्या मंडळींनी सोडवले होते, आणि तोच पुढे आपल्या लोकांत फिरला. हरवलेले पुस्तक एक गोरा भाऊ परत आणील, अशी कथा करेणांत आधीपासूनच होती म्हणतात.

ॲमहर्स्टला आता क्याइकामी म्हणतात. मोलमीनहून मोटारीने गेलो. तिथे समुद्रात बांधलेला पॅगोडा आहे, यात्रेकरूंची गर्दी तिकडे. ॲनच्या थडग्याशी आम्ही तिघेच होतो. सोबतच्या ब्रह्मी ड्रायव्हरने विचारले, “ही तुमच्या गावची का?”