नळी सोड

आमच्या घरात दुपारी अडीच ते चार ही वेळ आजीची. भांडी पालथी पडली, आजोबा माजघरात लवंडले, की देवघरातून लाल फडक्यात बांधलेली ज्ञानेश्वरी बाहेर यायची. आजी वाचायची, आई, दोन्ही काकू नि आत्या गहू निवडत ऐकायच्या. आम्ही सात भावंडं तिथंच लोळत असायचो.

नऊ हजारांवर ओव्यांचा तो ग्रंथ पाहून आमची छाती दडपायची. आजी जेमतेम चौथी शिकलेली, पण जात्यावर बसून बसून ओवी तिच्या हातातच मुरली होती. त्यामुळे शके १२१२ मध्ये नेवाशाला पुऱ्या झालेल्या त्या ग्रंथाची मराठी तिला परकी वाटत नसे. शब्द अडला तरी चाल मोडायची नाही. अर्थ मागाहून येतो, म्हणायची.

सहावा अध्याय तिचा लाडका. त्यातली कुंडलिनी ती भराभरा उरकायची. "ते योग्यांचं. आपल्याला कुठला एवढा वेळ?" थांबायची ती पोपटापाशी. नळीवर पोपट बसतो, त्याच्याच भारानं नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि अडकलो असं समजून नळी आणखी घट्ट धरतो. पंख मोकळे, कुणी बांधलेलं नाही. आपणच आपले सोयरे नि आपणच वैरी, हा गीतेतला विचार माउलींनी असा पोपटाच्या पायात आणून ठेवलाय. आजी हे सांगताना स्वतःच्या हाताची मूठ आवळून दाखवायची.

पोथ्यांनी बायकांना सोसायला शिकवलं असं म्हणतात. खोटं नाही, आमच्याकडेही सोसण्यासाठी पोथीचा दाखला निघायचा, पण तो आजोबांच्या तोंडून.

तेराव्यात ज्ञानाचं पहिलंच लक्षण येतं, अमानित्व. मानाची हाव नसणं. एकदा धाकटी काकू पुटपुटली, "अहो आई, मान कधी मिळालाच नाही, तर सोडायचा काय?" सगळ्या हसल्या. आजी हसली नाही. चष्मा काढून म्हणाली, "उद्यापासून पहिल्या पंगतीला बस. गरम पोळी खा. मग सांग काय सोडायचं ते."

दुसऱ्या दिवशी काकू खरंच बसली. आजोबांनी वर पाहिलं. आजीनं आधी काकूच्या पानात पोळी वाढली, मग त्यांच्या.

ती पोथी आता थोरल्या काकांकडे काचेच्या कपाटात आहे. आम्हा सातांपैकी कुणी रोज वाचत नाही. फोनवर मात्र कुणी नोकरीचं, सासरचं, जुन्या अपमानाचं रडगाणं लावलं, की पलीकडून हमखास येतं, "नळी सोड."

परवा मी हे आत्याला ऐकवलं. वय पंच्याऐंशी. म्हणाली, "मी कधीच सोडली. तू तुझे पाय बघ."