जोहरच्या वेळी फजरची अजान

आमच्या घरात एक जुना लॅपटॉप आहे. 2012 मध्ये थोरल्याच्या शिक्षणासाठी घेतला, पुढे तो नोकरीला लागला आणि लॅपटॉप मधल्या मुलीकडे आला. आता धाकट्याची त्याच्यावर नजर आहे. त्याची मुख्य बॅटरी कधीच संपली, म्हणून तो चार्जर लावला तरच चालतो. विंडोज 7 आहे. चालतोय ना, मग कशाला बदलायचा, असे आमचे मत. मध्यमवर्गीय घरात वस्तू मोडेपर्यंत वापरतात, आणि मोडल्यावर दुरुस्त करून वापरतात. यात आम्हाला कधी लाज वाटली नाही. उधळपट्टी आपल्या दीनला पसंत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पण वस्तू जपणे वेगळे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे वेगळे. हा फरक आम्हाला 2024 च्या पावसाळ्यात कळला, तोही एका अजानीमुळे.

सुरुवात त्याच्या तीन वर्षे आधी झाली होती. 2021 च्या ऑक्टोबरपासून काही वेबसाइट उघडल्या की लाल त्रिकोणाचे एक पान समोर येऊ लागले. हे कनेक्शन सुरक्षित नाही, तुमची माहिती कोणी चोरू शकेल, असे काहीतरी इंग्रजीत लिहिलेले असे. पहिल्या दिवशी आम्ही घाबरलो. मग थोरल्याने फोनवर सांगितले, "खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' दिसतंय ना, ते दाबा. मग 'प्रोसीड' दाबा." दाबले. साइट उघडली, काही बिघडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याभरात आमच्या बोटांना सवय झाली. पान आले की वाचायचे नाही, दोनदा दाबायचे आणि पुढे जायचे. मुलीने हे आमच्याकडून उचलले, आणि धाकट्याने तिच्याकडून.

2024 च्या ऑगस्टमध्ये मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. बारावी झाली होती, पुढच्या प्रवेशाचे पैसे भरून हात रिकामे झाले होते, त्यामुळे ही शिष्यवृत्ती आमच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. एका सकाळी सातच्या सुमारास तिने लॅपटॉप लावला आणि एकही साइट उघडेना. ज्या रोज बिनतक्रार उघडत त्यासुद्धा नाहीत. पुन्हा तसलेच पान, पण या वेळी 'प्रोसीड' कुठेच नव्हते. आम्ही दोघांनी आळीपाळीने पाहिले. राऊटर बंद करून चालू केला. शेजारच्यांचे नेट घेऊन पाहिले. लॅपटॉप तसाच चालू ठेवून आम्ही दुपारपर्यंत नेट कंपनीला बोल लावत बसलो.

एक वाजता अम्मी जोहरसाठी वुजू करून आल्या आणि लॅपटॉपमधून अजान सुरू झाली. थोरल्याने एका रमजानमध्ये त्यात अजानचा प्रोग्राम टाकून ठेवला होता. एरवी आवाज बंद असतो, त्या दिवशी चालू राहिला होता. आम्हाला वाटले, बरोबरच आहे, जोहरची वेळ झाली. अम्मी मात्र दारात थबकल्या. अजान पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, "अरे, ही तर फजरची अजान आहे! दुपारी एक वाजता हा कोणाला झोपेतून उठवतोय?"

फजरच्या अजानीत, झोपेपेक्षा नमाज चांगली असे सांगणारे जास्तीचे शब्द असतात. आम्ही सगळे ते शब्द ऐकत होतो, पण लक्ष फक्त अम्मींचे होते. मुलीने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिले. तिथे पहाटेचे पावणेसहा वाजले होते आणि तारीख होती 1 जानेवारी 2010.

मग तिने ते इशाऱ्याचे पान पुन्हा उघडले आणि या वेळी वाचले. त्यावर इंग्रजीत सरळ लिहिले होते की, तुमचे घड्याळ मागे आहे. सकाळपासून ते वाक्य आमच्या डोळ्यांसमोर होते. आमची नजर मात्र नेहमीचे बटण शोधत राहिली.

घड्याळाचा आणि वेबसाइटचा काय संबंध, हे संध्याकाळी थोरल्याने समजावून सांगितले. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटजवळ एक प्रमाणपत्र असते. त्यावर साइटचे नाव असते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते चालेल याची मुदत असते, आणि ते खरे आहे असे सांगणाऱ्या एका मान्य संस्थेची सही असते. साइट उघडण्यापूर्वी ब्राउझर नाव, मुदत आणि साक्षीदार या तीन गोष्टी तपासतो. एकही जुळली नाही तर तो थांबवतो. आमच्या लॅपटॉपच्या मते 2010 साल चालू होते, त्यामुळे 2024 मध्ये दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटत होते. साइट साऱ्या ठीक होत्या, चूक आमच्या घरातल्या घड्याळाची होती.

ऐकताना आम्हाला सूरह बकराची 282 वी आयत आठवली. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत. उधारीचा व्यवहार ठरलेल्या मुदतीसह लिहून ठेवा आणि त्यावर साक्षीदार घ्या, असा तिचा आदेश आहे. अविश्वास वाढावा म्हणून हा आदेश नाही. पुढे शंका आणि भांडण राहू नये म्हणून आहे. आपण घराचा करार करताना नाव, तारीख आणि सह्या तीनदा पाहतो. आणि इथे, जिथे आपला आधार क्रमांक आणि बँक खाते जाते, तिथे तीन वर्षे न बघता पुढे जात होतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुकानात नेला. दुरुस्ती करणारा तरुण म्हणाला, "आतला सेल गेलाय." लॅपटॉपमध्ये रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. त्याला सीआर 2032 म्हणतात. वीज नसताना तारीख-वेळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला आणि मुख्य बॅटरीही मेलेली असली, तर भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ जिथून सुरू झाले तिथे जाते. आमच्या घरी रात्री बटण बंद करायचा कडक नियम आहे, म्हणून रोज सकाळी लॅपटॉप 2010 मध्ये जागा होत होता. नवा सेल आणि बसवायची मजुरी मिळून अडीचशे रुपये झाले.

तोपर्यंत घरी काय करायचे, तेही त्याने सांगितले. कोपऱ्यातल्या घड्याळावर उंदराचे बटण दाबून तारीख, साल आणि वेळ हाताने नीट करायची. सकाळी-दुपारचा फरक पाहायचा आणि टाइम झोन भारताचा आहे ना, हेही बघायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकले, तर सेल बदलायचा.

घड्याळ सुधारले आणि मोठ्या साइट उघडल्या. काहींवर मात्र तीन वर्षांपूर्वीचा तोच लाल त्रिकोण कायम होता. त्याचे कारण निराळे होते आणि ते साक्षीदारापाशी होते. साक्षीदार संस्थांची यादी प्रत्येक संगणकात ठेवलेली असते आणि त्या साक्षीलाही मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइटना मोफत प्रमाणपत्रे देते, जगभरातल्या असंख्य साइट ती वापरतात. तिच्या प्रमाणपत्रांना जुन्या संगणकांत ज्याची साक्ष चालत असे, त्या मूळ प्रमाणपत्राची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली. नवा साक्षीदार आधीच तयार होता, पण तो यादीत यायला अपडेट लागतात. आम्ही नेट लवकर संपते म्हणून अपडेट बंद करून ठेवले होते. शिवाय विंडोज 7 ला कंपनीचा आधार 14 जानेवारी 2020 रोजीच संपलेला.

यावर उपाय निघाला तो फायरफॉक्स ब्राउझर. तो साक्षीदारांची यादी स्वतःबरोबर आणतो, विंडोजच्या यादीवर अवलंबून राहत नाही. त्याची 115 क्रमांकाची ईएसआर आवृत्ती विंडोज 7 वर चालते. ती त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवून घेतली आणि तीन वर्षांचे लाल त्रिकोण एका तासात गेले. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही चहा ठेवला.

आणि मग मुलीने शिष्यवृत्तीची साइट उघडली. त्रिकोण आला.

ही लिंक नात्यातल्या एका ग्रुपवर आली होती. आठवडाभरापूर्वी, लॅपटॉप पूर्ण अडायच्या आधी, तिने नेहमीप्रमाणे दोनदा दाबून ती उघडली होती आणि निम्मा अर्ज भरला होता. नाव, पत्ता, आधार क्रमांक देऊन झाले होते. बँक खाते आणि 499 रुपये 'प्रोसेसिंग फी' एवढेच राहिले होते. आता घड्याळ बरोबर होते, साक्षीदारांची यादी नवी होती, बाकी सगळ्या साइट उघडत होत्या. फक्त हीच अडत होती. आम्ही चौघे वाकून वाचू लागलो. या वेळी तक्रार नावाची होती. प्रमाणपत्र दुसऱ्याच कुठल्या साइटचे होते.

मुलीचा चेहरा उतरला. म्हणाली, "अब्बा, त्या दिवशी पण आलं होतं हे. मला वाटलं, रोजच येतं."

तिला काय बोलणार? रोजच येते, हे आम्हीच तिला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात विचारले. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या की या शिष्यवृत्तीच्या अर्जाला फी नसतेच, आणि अर्ज फक्त सरकारी पोर्टलवर भरायचा असतो, ज्याचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतो. ती दुसरी साइट कोणी कशासाठी काढली होती, हे पुराव्याशिवाय आम्ही सांगणार नाही. नावाचा घोळ कधी कधी प्रामाणिक साइटवरही निष्काळजीपणाने होतो. पण नसलेली फी मागणाऱ्या साइटला आमच्या मुलीचा आधार क्रमांक मिळाला होता, एवढे खरे. आम्ही त्याच दिवशी तिच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, बँकेत जाऊन कल्पना दिली आणि ग्रुपवर लिहिले की ही लिंक कोणी भरू नका. पैसे गेले असते तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हेही तेव्हाच कळले. अल्लाहचा करम, ती वेळ आली नाही. खरा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी भरला गेला.

एक गोष्ट आणखी लक्षात ठेवायला हवी. इशारा आला नाही, म्हणजे साइट प्रामाणिक आहे, असे नाही. कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते की वाटेत कोणी तुमचे बोलणे ऐकत नाही आणि पत्ता लिहिल्याप्रमाणे आहे. त्या पत्त्यावर सज्जन राहतो की लबाड, हे ते सांगत नाही. फसवणारेही रीतसर प्रमाणपत्र मिळवतात. म्हणून पत्ता स्वतः वाचायचा आणि पैशाची गोष्ट निघाली की माणसाला विचारायचे.

आता घरात काही नियम केले आहेत. इशारा आला की आधी मोठ्याने वाचायचा, समजला नाही तर दुसऱ्याला वाचायला लावायचा. मग तारीख-वेळ पाहायची. एकाच साइटवर येतो की सगळ्यांवर, हे बघायचे. सगळ्यांवर असेल तर बहुतेक दोष आपल्या यंत्रात, एकाच ठिकाणी असेल तर त्या दारातून परत फिरायचे. आणि या लॅपटॉपवर बँकेचे काम करायचे नाही. विंडोज 7 ला नवी दुरुस्ती मिळत नाही, त्यामुळे हा वाचण्या-लिहिण्यापुरता. अल्लाहवर भरवसा ठेव, पण आधी उंट बांध, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना सांगतो. आमचा उंट तीन वर्षे मोकळा होता.

अम्मींना आम्ही विचारले, "तुम्हाला कसं कळलं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "अजान झाली की ऐकायची असते ना?" आता रोज सकाळी मुलगी लॅपटॉप लावते, तेव्हा त्या जपमाळ हातात घेऊन स्वयंपाकघरातून विचारतात, "काय गं, आज किती वाजलेत त्याच्यात?" आणि मुलगी कोपऱ्यात बघून वेळ सांगते.